सिंह पोथीतला, वाघ सातपुड्यातला : खान्देशातल्या देवींची वाहनं

घटस्थापना आठवड्यावर आली की मोबाइलवर एक श्लोक फिरायला लागतो. ‘शशिसूर्ये गजारूढा शनिभौमे तुरंगमे’. रविवारी-सोमवारी घट बसले तर देवी हत्तीवरून आली, शनिवारी-मंगळवारी घोड्यावरून, गुरुवारी-शुक्रवारी डोलीतून आणि बुधवारी नावेतून. पुढच्या ओळीत लगेच फळ सांगितलेलं असतं. हत्ती म्हणजे पाऊस, घोडा म्हणजे राज्यावर संकट, डोली म्हणजे मरणकळा, नाव म्हणजे सगळं साधलं. २०२४ ला घटस्थापना गुरुवारी होती, म्हणून डोली. २०२५ ला सोमवारी, म्हणून हत्ती. जळगाव-धुळ्याकडे तोवर कापूस फुटायला आलेला असतो, वेचणीला मजूर कुठून आणायचे ही चिंता असते आणि अशा वेळी हत्तीवरून येणारा पाऊस कुणाला हवा असतो, हे श्लोक लिहिणाऱ्याने विचारलेलं दिसत नाही.

या श्लोकाची गंमत अशी की त्यात सिंह नाही. जिच्या प्रत्येक मंडळातल्या मूर्तीखाली सिंह बसवलेला असतो, ती स्वतः यायला निघते तेव्हा हत्ती, घोडा, पालखी, नाव यांतलं काहीही घेते, सिंह सोडून. जाण्याचा श्लोक याहून चमत्कारिक आहे. दसरा रविवारी-सोमवारी आला तर ती रेड्यावरून जाते, शनिवारी-मंगळवारी कोंबड्यावरून, बुधवारी-शुक्रवारी हत्तीवरून आणि गुरुवारी माणसावरून. रेड्यावरून! ज्याला मारलं त्याच्याच पाठीवरून. आणि माणूस हे वाहन तिथे शुभ मानलं आहे. २०२५ चा दसरा गुरुवारी होता, म्हणजे या हिशोबाने ती माणसाच्या खांद्यावरूनच गेली.

वाहनांचा अर्थ सांगताना बहुतेक जण एक ठरलेली वाट धरतात. सिंह म्हणजे अहंकार, त्यावर देवीने ताबा मिळवला. मोर म्हणजे गर्व, उंदीर म्हणजे लोभ. हे अर्थ चूक आहेत असं नाही, पण ते मागाहून चिकटवलेले आहेत आणि कुठल्याही जनावराला चिकटतात. सिंहाच्या जागी गाढव ठेवा, तरी अहंकार तिथे बसतोच. त्यापेक्षा कोणतं जनावर कोणत्या देवीपाशी कधी आणि कुठून आलं हे पाहणं जास्त कामाचं. खान्देशात हे पाहायला सोयीचं पडतं, कारण पोथीतली देवी, लेण्यातली देवी, जंगलातली देवी आणि घरातली देवी इथे एका दिवसाच्या प्रवासात भेटतात.

महाराष्ट्रात जनावरावर बसलेल्या देवीचा सगळ्यात जुना पुरावा खान्देशाबाहेर सापडला, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढची काही वर्षं तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १४०० ते १००० या काळातल्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची डबी निघाली आणि तिच्यासोबत मुंडकं नसलेली स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही आहे. मधे काडी घातली की ती बाई बैलावर नीट बसते. म्हणजे घडवणाऱ्याने ती बसवण्यासाठीच केली होती. हे लोक जोर्वे संस्कृतीचे शेतकरी. त्यांचीच रंगवलेली लाल भांडी तापीकाठी प्रकाशे इथे आणि गिरणाकाठी बहाळला निघाली आहेत. तेव्हा या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना देवीसाठी वाहन सुचलं ते बैल. सिंहाचा पत्ताही नव्हता. ज्या गावात आज पोळ्याला बैल घरच्या माणसासारखा ओवाळून घेतला जातो, तिथे हे फार परकं वाटू नये.

सिंह आला तो वायव्येकडून, आणि बराच उशिरा. मथुरेकडे इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत घडवलेल्या महिषमर्दिनीच्या मूर्तींमध्ये देवी उभी राहून हातांनी रेड्याला आवळते; त्यांतल्या बहुतेक मूर्तींत सिंह दिसत नाही. त्याच सुमारास कुषाण राजांच्या नाण्यांवर मात्र सिंहावर बसलेली एक देवी आहे. तिचं नाव नाना. ती मूळची मेसोपोटेमियाची, मध्य आशियातून इकडे आलेली. अफगाणिस्तानातल्या रबाटकच्या शिलालेखात कनिष्काचं राज्य नानाच्या कृपेने मिळालं असं कोरलं आहे. राज्य देणारी देवी आणि तिच्यापाशी सिंह ही जोडी पुढे गुप्तांनी उचलली. पहिला चंद्रगुप्त आणि कुमारदेवी यांच्या सोन्याच्या नाण्याच्या पाठीमागे सिंहावर बसलेली देवी आहे. सिंह हा तेव्हा राजसत्तेचा शिक्का होता. राजाचं आसनही त्याच्याच नावाचं. त्यामुळे देवी सिंहावर बसली ती ‘अहंकारावर’ बसली यापेक्षा गादीवर बसली असं म्हणणं इतिहासाला धरून होईल.

पोथीत सिंह येतो तोही असाच, नजराणा म्हणून. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात, ज्याला आपण सप्तशती म्हणतो, दुसऱ्या अध्यायात देव एकेक वस्तू देवीला आणून देतात. शंकराने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य आणि बाणांनी भरलेले भाते. आणि हिमालयाने? ‘हिमवान् वाहनं सिंहं रत्नानि विविधानि च.’ सिंह आणि वर थोडी रत्नं. यादीतली एक बाब. पुढे लढाईत मात्र त्या सिंहाला खरा जीव येतो; आयाळ झटकत तो असुरांच्या सैन्यात वणव्यासारखा फिरतो. ज्या कवीने ही ओळ लिहिली त्याने वणवा पाहिलेला असावा. सिंहही कदाचित, कारण उत्तर आणि मध्य भारतात नर्मदेपर्यंत तेव्हा सिंह होता. नर्मदेच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याकडे, नाही. खान्देशातल्या कोणत्याही गुराख्याची पोथीतल्या सिंहाशी कधी गाठ पडली नसणार.

आता ज्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषींनी ही पोथी रचली असं लोक मानतात तो डोंगर खान्देशी माणसाच्या रोजच्या बोलण्यातला आहे. वणीच्या सप्तशृंगगडासमोरचा मार्कंड्या. गड आज नाशिक जिल्ह्यात, कळवण तालुक्यात येतो, पण चैत्रात पायी दिंड्या येतात त्या मोठ्या प्रमाणावर धुळे, जळगाव, नंदुरबार, मालेगावकडून. खान्देशातल्या किती तरी घरांची ती कुलदेवी. ‘गडावर जाऊन आलो’ एवढं म्हटलं की कोणता गड हे विचारावं लागत नाही.

गडावरची मूर्ती कड्याच्या दगडातच आहे, अठरा हातांची. पिढ्यान् पिढ्या शेंदूर लिंपत गेल्याने तिचं मूळ रूप झाकलं गेलं होतं. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून शेंदराचे थर उतरवले आणि त्या वर्षीच्या नवरात्रात दगडातलं कोरीव काम भाविकांनी पहिल्यांदा पाहिलं. इथे दोन जनावरं आहेत. पायऱ्या चढायला सुरुवात होते तिथे रेड्याचं दगडी मुंडकं आहे, महिषासुराचं. लोक त्यालाही हात जोडून पुढे जातात. दुसरं जनावर दिसत नाही. रात्री गाभाऱ्यात वाघ येऊन राखण करतो आणि उजाडायच्या आत निघून जातो, असं लोक सांगतात. वाघ. सिंह नव्हे. पोथी याच डोंगराशी जोडलेली, पोथीत सिंह स्पष्ट लिहिलेला, तरी गडाच्या रानात राहणाऱ्यांनी राखणीला नेमला तो वाघच. आणि तो वाहनही नाही. देवी त्याच्यावर बसत नाही. तो येतो, राखण करतो, जातो. कामाला लावलेल्या जागल्यासारखा.

रेड्याचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. सप्तशतीच्या पाठाआधी म्हणतात त्या देवीकवचात एक ओळ आहे : ‘प्रेतसंस्था तु चामुंडा वाराही महिषासना.’ नवरात्रात घरोघर हे कवच म्हटलं जातं आणि म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं लक्ष जातं की एक देवी ज्या रेड्याला मारते, त्याच कुळातल्या रेड्यावर दुसरी देवी, वाराही, आरामात बसलेली आहे. गावाकडे गेलात तर शेताच्या बांधावर म्हसोबा आहेच, शेंदूर फासलेला, नारळ घेणारा. पुणे जिल्ह्यात वीर गावी म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचं लग्न दर वर्षी लागतं. दामोदर धर्मानंद कोसंबींनी अशा जोड्यांमध्ये महिषासुराचाच जुना माग पाहिला होता. गुराखी लोकांचा देव आणि रानातलं अन्न गोळा करून जगणाऱ्यांची देवी आधी भांडले, मग एकत्र नांदले, असं त्यांचं साधारण म्हणणं. ते सगळीकडे लागू होईलच असं नाही. पण देवीने मारलेला आणि देवीशी लग्न लागलेला, दोन्ही रेडेच आहेत, हे नाकारता येत नाही.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलं की वेरूळ. घाटाच्या पायथ्याशी पाटणादेवी, म्हणजे चंडिका, गौताळ्याच्या जंगलात. (याच पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला त्याचा. पुढे वाघावर बसून येणारा चांगदेव तो हा नव्हे.) वेरूळच्या चौदा क्रमांकाच्या लेण्यात, जिला लोक ‘रावण की खाई’ म्हणतात, सात मातृका ओळीने बसलेल्या आहेत, मांडीशी मूल घेऊन, आणि प्रत्येकीच्या आसनाखाली तिचं वाहन कोरलेलं. हंस, बैल, मोर, गरुड, हत्ती. चेहरे झिजलेत, हात तुटलेत. तरी खालचं जनावर पाहिलं की कोण कोणती हे ओळखता येतं. शिल्पकाराला वाहनाचा हा उपयोग नेमका ठाऊक होता. बायकांचे चेहरे सारखे, दागिने सारखे, बसण्याची ढब सारखी. फरक खालच्या जनावराचा.

पण ती जनावरं त्यांची स्वतःची नाहीत. हंस ब्रह्मदेवाचा, बैल शंकराचा, मोर कार्तिकेयाचा, गरुड विष्णूचा, हत्ती इंद्राचा. सप्तशतीच्या आठव्या अध्यायात देवांच्या शरीरांतून त्यांच्या शक्ती बाहेर पडतात आणि ज्याचं जे वाहन तेच घेऊन येतात. एकटी दुर्गाच अशी की तिचं जनावर कोणत्याही नवऱ्याचं नाही. माहेरचंही म्हणता येईल, कारण ते हिमालयाने दिलं. लेण्यातून परतताना हे लक्षात घेऊन पुन्हा एकदा त्या रांगेकडे पाहावं. गावोगावच्या सातीआसरा, साती बहिणी पाण्याकाठी सात दगडांच्या रूपात बसतात, त्यांना मात्र असल्या ओळखीची गरजच पडली नाही. सात दगड, सात टिकल्या, झालं.

सातपुड्यात शिरलं की सगळा हिशोब बदलतो. यावल तालुक्यात आडगावजवळ डोंगराच्या कुशीत मनुदेवी, पुढे पश्चिमेला अक्राणी-अक्कलकुव्याचे पहाड आणि गुजरातच्या हद्दीत देवमोगरा, जिथे भिल्ल-पावरा समाज महाशिवरात्रीच्या सुमाराला याहामोगी देवीच्या जत्रेला जातो. इथे वाघाला देवीच्या पायाखाली घालायचं कुणाच्या मनात आलं नाही. वाघ स्वतःच देव. सातपुडा, डांग आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात वाघदेवाची ठाणी आहेत. कुठे शेंदराचा दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ आणि वर चंद्रसूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते तेव्हा गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि सांगणं एकच असतं की आमच्या गुरांना हात लावू नकोस. त्याच दिवशी मैदानी खान्देशात वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. एकाच तिथीला खालच्या गावात गाय पुजायची आणि वरच्या पाड्यावर तिला खाणारा. यात विसंगती काही नाही; दोघांनाही गुरं जगायला हवी आहेत.

हा वाघ नुसता कथेतला नव्हता. १८२५ मध्ये इंग्रजांनी धरणगावला खान्देश भिल्ल कोअर उभी केली. तिचा अधिकारी जेम्स आउट्रम भिल्लांचा विश्वास मिळवण्यासाठी त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, आणि खान्देशात त्याने मारलेल्या वाघांच्या कहाण्या पुढे पुस्तकांतून छापल्या गेल्या. तापीकाठच्या झाडीतही तेव्हा वाघ होते. आज ते फार थोडे उरले, पण संपले नाहीत. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा, चारठाणा या भागात वाघाचा वावर आहे आणि त्या जंगलाला जे संरक्षण मिळालं त्याचं सरकारी नाव ‘मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र’. वनखात्याने वाघाचं क्षेत्र दोन देवींच्या नावाने नोंदवलं. पुराणकारांना सुचलं नसतं इतकं चपखल.

त्यातली मुक्ताई हा खान्देशाचा खास विषय. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव, तिथे जुनं दगडी मंदिर. योगी चांगदेव चौदाशे वर्षं जगला, वाघावर बसून, हातात सापाचा आसूड घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला, ही कथा मराठी माणसाला सांगायला नको. समोर चार भावंडं पडक्या भिंतीवर बसली होती, ती भिंतच चालू लागली. इथे वाहनाची सगळी ऐट एका फटक्यात उतरते. वाघ पाळीव करता येतो, भीती घालता येते. भिंतीला ना दात ना नखं. पुढे त्या चांगदेवाची गुरू झाली ती भावंडांतली सगळ्यात लहान मुक्ताबाई. वारकरी तिला आदिशक्ती म्हणतात. शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, ती तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या लोळात गुप्त झाली असं परंपरा सांगते. आदिशक्ती म्हणून पुजली जाणारी ही देवी कोणत्याही जनावरावर बसत नाही. वाघावर बसणारा तिचा शिष्य. भिंत चालवण्याची हीच कथा उत्तरेत आणि दख्खनमध्ये सूफी पिरांबद्दलही सांगतात, तेव्हा वाघावरचा स्वार हा त्या काळी सिद्धाचा सगळ्यांना समजणारा पोशाख होता. मुक्ताईच्या भक्तांनी तो आपल्या देवीला घातला नाही, हे मला या कथेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सगळी वाहनं रुबाबदार नसतात. शीतळादेवी गाढवावर बसते, हातात केरसुणी, डोक्यावर सूप. श्रावणातल्या शीतळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं थंड अन्न खायची चाल अजून आहे; देवीचा रोग मात्र १९८० मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. नवदुर्गांतली कालरात्रीही गाढवावरच. तिची आणि शीतळेची जात एकच, भीतीची. कॉलऱ्याची मरीआई हिला तर बसायला जनावरच नको असायचं, तिला गाडा लागे. गाड्यात बसवून गावाच्या शिवेबाहेर सोडायचं, पुढच्या गावाने आपलं पाहावं.

मरीमातेच्या यात्रेला खान्देशात बारागाड्या ओढतात. एकामागे एक बारा गाड्या दोरखंडाने जोडलेल्या, प्रत्येकीवर माणसं दाटीवाटीने चढलेली, बैल एकही नाही. पुढे भगत. हळद लागलेली, कमरेला दोर बांधलेला, दोन बाजूंनी सावरणारे त्याचे जोडीदार. जमलेली गर्दी ओरडते आणि तो पळत सुटतो. अपघात होतात, कधी माणूस चाकाखाली येतो, आणि दर वर्षी त्यावर बोललं जातं व पुढच्या वर्षी पुन्हा गाड्या जोडल्या जातात. श्रद्धा आणि धोका इथे वेगळे काढता येत नाहीत. निदान चाकांना अटकाव आणि गर्दीला दोरी एवढी तरी सोय यात्रा समित्यांनी करावी. पण वाहनाच्या दृष्टीने पाहिलं तर बारागाड्यांत जनावराची जागा माणसाने घेतली आहे. त्या दसऱ्याच्या श्लोकातला नरवाहन हाच असावा असं म्हणावंसं वाटतं.

जळगावकरांना वाहन हा शब्द ‘वहन’ असा माहीत आहे. जुन्या गावातल्या श्रीराम मंदिराचा रथोत्सव १८७२ पासून चालू आहे. कार्तिकी एकादशीला रथ निघतो आणि त्याआधी प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी एकेक वहन. घोडा, हत्ती, वाघ, सिंह, सरस्वती, शेषनाग, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती. लाकडी, रंगवलेली, चाकांवरची. घरोघर थांबत, पानसुपारी घेत ती गल्ल्यांतून फिरतात. रथाच्या दिवशी चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी पाचर, लावून रथ वळवणारे आणि थांबवणारे लोक वेगळे, त्यांचा मानही वेगळा. पारोळ्याच्या बालाजीची वहनं अशीच, नवरात्राच्या दिवसांत. देव इथे राम किंवा बालाजी आहे, देवी नाही. पण खान्देशी पोराच्या डोळ्यात वाघ-सिंह पहिल्यांदा शिरतात ते या लाकडी वहनांतून, आणि इथे वाघ आणि सिंह दोन वेगळ्या रात्री येतात, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

कारण छापखान्याने पुढे या दोघांची पार सरमिसळ केली. राजा रविवर्म्याचा लिथोग्राफचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देव्हाऱ्यातल्या टाकांच्या जोडीला भिंतीवर रंगीत तसबिरी आल्या. रविवर्म्याच्या सरस्वतीजवळ मोर आहे; महाराष्ट्रातल्या शाळांत सरस्वती मोराशेजारी बसली त्यात या चित्राचा वाटा मोठा. बंगालमध्ये लक्ष्मीपाशी घुबड असतं, आपल्याकडे घुबड ओरडलं तर माणसं दचकतात. तेव्हा मराठी तसबिरीत लक्ष्मीला हत्तीच मानवले. ते जुनेच आहेत, भारहूत-सांचीपासूनचे, वेरूळच्या कैलास लेण्यात शिरताना समोर दिसणारे. फक्त ते तिला अंघोळ घालतात, पाठीवर घेत नाहीत. तसबिरींनंतर कॅलेंडरं आली, कॅसेटच्या काळात उत्तरेकडची शेरावाली आली आणि वाघावरची लाल साडीतली देवी सगळ्यांनाच ओळखीची झाली. गावच्या देवळासमोर सिमेंटचं जे जनावर बसवतात त्याच्याकडे एकदा नीट पाहा. अंग पिवळं, मानेला आयाळ, पोटावर काळे पट्टे, मिशा वर वळवलेल्या, तोंड उघडं आणि त्यात कुणीतरी ठेवलेलं एक रुपयाचं नाणं. हा वाघ की सिंह हे रंगाऱ्यालाही सांगता येणार नाही. आत गाभाऱ्यात देवी म्हणजे शेंदराचा तांदळा, नुसता मुखवटा. तिला ना कंबर, ना पाय. बसणार कशी? म्हणून वाहन बाहेर, नंदीसारखं, तिच्याकडे तोंड करून.

पंचांगात वाहनांचा आणखी एक कळप आहे आणि खान्देशातला शेतकरी देवीच्या सिंहापेक्षा त्याचीच चौकशी जास्त करतो. ‘यंदा मृगाचं वाहन काय?’ सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचं. बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरतो. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा निघाला तर तोंडाला पानं पुसली. हवामानखात्याचा अंदाज मोबाइलवर असतो, तरी मृगाचं वाहन विचारलं जातंच. संक्रांतीचंही तसंच, ती दर वर्षी नव्या वाहनावर ‘बसते’. इथे जनावर म्हणजे अंदाज, भक्तीचा विषय नाही.

आणि या सगळ्यात खान्देशाची स्वतःची देवी, कानबाई, हिला वाहनच नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळाला डोळे, नथ, दागिने. चौरंगावर कलशावर बसवलेली, शेजारी कुठे रानबाई. भाऊबंद गोळा होतात, रोट होतात, रात्रभर गाणी आणि फुगड्या. सोमवारी सकाळी बाई चौरंग डोक्यावर घेते आणि नदीकडे निघते. गुलाबाईही अशीच, भाद्रपदात पाटावर बसते आणि कोजागरीला उठते. सुरत, नाशिक, पिंपरी-चिंचवडला गेलेल्या खान्देशी लोकांनी कानबाई तिकडेही नेली आहे आणि तिचे उत्सव आता सार्वजनिक होऊ लागले आहेत. सार्वजनिक झालं की मोठी मूर्ती लागते, बॅनर लागतो, आणि बॅनर करणाऱ्या पोराला देवीच्या खाली काहीतरी हवं असतं. त्याच्याकडे संगणकात सिंह तयार असतो. मंडळांनी तो नाकारावा. कानबाईपाशी काही काढायचंच असेल तर तिला डोक्यावर घेणारी बाई काढावी.